नट बसले, स्टेपनी लटकलीच

गॅरेजमध्ये आलेली गाडी मागच्या दरवाजावर स्टेपनी असलेली, तक्रार होती मागून धडधड येते याची. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही, पण खडी लागली की सुरू. आधी कुणीतरी मागच्या शॉकअपचे बुश बदलून दिले होते आणि आवाज जसाच्या तसा होता. मागून आवाज आला की पहिलं सस्पेन्शन खोलायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. मी मागे गेलो, दरवाजावरची स्टेपनी वरून दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. टायर आणि दरवाजा एकजीव हलायला हवेत. इथे टायर आधी झुलायचा, मग दरवाजाचा पत्रा कुरकुरायचा.

गाडीला कंपनीचा टायर 255/75 आर 17, म्हणजे रुंदी 255 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 17 इंची. मालकांनी पाचही टायर 315/70 आर 17 करून घेतले होते, सोबत बाहेर काढलेल्या ऑफसेटची अलॉय व्हील (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून नट आवळायच्या तोंडापर्यंतचं अंतर; तो जितका कमी किंवा उणे, तितकं चाक बाहेर). व्यास 814 मिमीवरून 873 झाला. स्टेपनीचं केंद्र जागचं हलत नाही, म्हणजे वर 29 आणि खाली 29 मिमी जास्त. ज्याने बसवली त्याने एवढंच पाहिलं असणार: वरचा ब्रेक लाइट झाकला जात नाही, खाली बंपरला घासत नाही. नट पूर्ण धाग्यावर आले होते, टाइटही होते. त्याच्या लेखी काम झालं.

मी स्टेपनी उतरवली, दरवाजावर असतात त्या रबरी टेकूंना खडू फासला, स्टेपनी परत चढवून नट आवळले आणि पुन्हा उतरवली. टायरच्या बाजूवर खडूचे ठसे उमटायला हवे होते. एकही नव्हता. एवढा थोरला टायर आणि टेकूंपासून तब्बल बोटभर लांब! मालकांचा विश्वासच बसेना. मोठा टायर म्हणजे तो दरवाजावर चेपून बसणार, असंच कुणालाही वाटतं.

घोळ ऑफसेटचा होता. जुन्या रिमचा ऑफसेट अधिक 44, नव्याचा उणे 12. टायर 60 मिमी रुंद झाला, म्हणजे दरवाजाच्या बाजूला 30 मिमी सरकला खरा. पण रिमने त्याला 56 मिमी बाहेर ढकललं. वजाबाकी केली तर 26 मिमीची फट. टेकूंवर न रेललेली स्टेपनी फक्त दरवाजाला बोल्टांनी धरलेल्या स्टँडच्या जोरावर लोंबकळते आणि प्रत्येक खड्ड्याला दरवाजाचा पत्रा आत-बाहेर ओढते.

वजनाचं त्याहून वाईट. जुनी स्टेपनी काट्यावर 30 किलो भरली, नवी 43. पण पत्र्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतरही 146 मिमीवरून 202 झालेलं. गुणाकार केला तर वजन दीडपटीच्या आत आणि पत्र्यावरचा पीळ जवळजवळ दुप्पट. हे कागदावर मांडून दाखवल्यावर मालक गप्प झाले. त्याआधी ते म्हणत होते, “अहो, तेरा किलोनं काय होतंय?”

काय होतं ते आतलं पॅनेल काढल्यावर दिसलं. स्टँडच्या खालच्या बोल्टाच्या भोकापासून केसासारखी चीर निघाली होती, कडेला तपकिरी भुकटी. ही भुकटी महत्त्वाची: चीर आजची नाही, दोन्ही कडा एकमेकींवर घासताहेत. लाल डाय, म्हणजे बारीक चिरेत शिरून ती दाखवणारा रंग, मारला तर डोळ्यांना दिसत होती त्याच्यापुढेही ती गेलेली. वरच्या बिजागरीला ढील आलेली, दरवाजा खाली बसलेला आणि लॉकचा हूक एकाच कडेला घासून चकचकीत झालेला. दरवाजा जोरात आपटावा लागतो, असं मालक सहज बोलून गेले होते. ते तक्रारीत लिहावं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

माझं मत सरळ होतं: हा भार दरवाजावरून काढा, चासीला धरलेल्या बंपरवर वेगळा फिरता हात लावा. मालक म्हणाले ते नको, कारण मग दरवाजा उघडायच्या आधी दर वेळी तो हात बाजूला करावा लागतो. टपावरही नको म्हणाले, 43 किलो वर चढवणार कोण? (हे पटलं. शिवाय एवढं वजन टपावर गेलं की गाडी उतारावर कलायला बघते.) लहान स्टेपनी ठेवा असं तर मीच सांगणार नाही. चारही चाकांना जोर लावून चालवताना एका चाकाचा व्यास वेगळा असला की ताण चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसवर येतो.

मग राहिली दुरुस्ती. बॅटरी सोडली, दरवाजातली वायर बाजूला केली, चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही, मग वेल्डिंग. आतून 3 मिमीची प्लेट टाकली, स्टँडच्या बुडापेक्षा बरीच मोठी, थेट बिजागरीच्या बोल्टांपर्यंत नेलेली. तिचे कोपरे मी गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यापासूनच पुढची चीर निघते. बिजागरीची पिन बदलली. टेकू 30 मिमी उंच, कडक रबराचे करून घेतले. पुन्हा खडू: या वेळी सगळे ठसे आले, पण एक फिकट. त्याखाली पत्र्याची चकती घातली आणि ठसे सारखे झाले. स्टेपनी धरून हलवली तर अख्खी गाडी हलली.

खडीवर फिरवून आणली, आवाज गेला. पण पीळ तेवढाच आहे. टेकूंनी झुलणं थांबवलं, वजन काही कमी केलं नाही. पहिल्या मोठ्या सफरीनंतर आतलं पॅनेल काढून बघायला या, असं मी बिलावरच लिहून दिलं. मालकांनी ते वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, “स्टेपनीच्या मधोमध पाण्याचा कॅन अडकवायचं ब्रॅकेट मिळतं ना, वीस लिटरचं?”

म्हणजे आणखी 20 किलो, तेही टायरच्या मागे. मी नाही म्हणालो. तसं ब्रॅकेट लावून देणारे कमी नाहीत, आणि ते गृहस्थ अजून पॅनेल दाखवायला आलेले नाहीत.