तुम्ही विचारलंत म्हणून : डोस तोच, मग साखर वर-खाली का?

इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटच्या घरचे एक प्रश्न हमखास विचारतात. "सिस्टर, डॉक्टरांनी लिहून दिलाय तोच डोस देतो, एक दिवस चुकवत नाही, गोडाला हात लावू देत नाही. तरी साखर कधी तीनशे, कधी साठ. असं का?"

उत्तर देण्याआधी आम्ही म्हणतो, घरची बाटली आणि घरची सिरिंज काढा, आणि सुई जशी देता तशी इथे करून दाखवा. डोस कमी-जास्त करायचा का ते डॉक्टर ठरवतील. पण चिठ्ठीवरचे २० युनिट अंगात खरोखर २०च जातात का, हे आधी बघायला हवं. पुष्कळदा घोळ तिथेच सापडतो.

सगळ्यात मोठा घोळ बाटली आणि सिरिंजच्या जोडीचा. आपल्याकडे १० मिलीची जी नेहमीची बाटली मिळते तिच्यावर बहुतेक वेळा ४० आययू/मिली छापलेलं असतं. म्हणजे एका मिलीत ४० युनिट आणि अख्ख्या बाटलीत ४००. तिला यू-४० सिरिंज लागते, ती लाल टोपीची. यू-१०० सिरिंज नारिंगी टोपीची, ती १०० आययूच्या बाटलीसाठी. अशा बाटल्याही दुकानात असतात, आणि इन्सुलिन पेनातलं, म्हणजे पेनासारख्या दिसणाऱ्या सुईच्या साधनातलं ३ मिलीचं कार्ट्रिज (औषधाची नळी) सुद्धा १०० चंच. मेडिकलमध्ये "इन्सुलिनची सुई द्या" एवढंच म्हटलं तर हाताला येईल ती मिळते. नाहीतर अमेरिकेतला मुलगा येताना "तिकडची चांगली असते" म्हणून सिरिंजांचा खोका घेऊन येतो. तिकडे इन्सुलिन १०० चं, म्हणून सिरिंजही यू-१००. तिच्यात आपलं ४० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढतो. मग एक दिवस तो खोका संपतो, लाल टोपीची सिरिंज घरात येते आणि वाढलेला डोस पुरताच्या पुरता अंगात जातो.

उलटी चूक याहून भयंकर. पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून यू-४० सिरिंजने इन्सुलिन ओढलं, तर २० च्या रेघेला भरतात ५० युनिट. हे जिवावर बेतू शकतं. पेनातलं इन्सुलिन सिरिंजने काढायचं नाही, कितीही नड असली तरी.

ही चूक घरच्या घरी पकडायची एक सोपी युक्ती आहे. बाटली किती दिवस पुरते ते बघा. सकाळी २० आणि रात्री १०, असे रोजचे ३० युनिट असतील तर ४०० ची बाटली साधारण तेरा दिवसांत संपायला हवी. ती महिना ओलांडून चालली तर सिरिंज चुकीची आहे, किंवा सुया चुकताहेत. आठवड्यात संपली तर त्याच दिवशी फोन करा.

दुधासारखं पांढरट दिसणारं ३०/७० मिश्रण (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश लागणारं इन्सुलिन) असेल तर ते न हलवता भरणं ही पुढची चूक. यातला ढगाळ भाग तळाला बसतो. वरचं पाणी ओढलं की एक डोस वेगळा पडतो आणि बाटलीच्या शेवटचे डोस वेगळेच. बाटली दोन तळव्यांमध्ये दहा वेळा फिरवायची आणि दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. सगळीकडे एकसारखं पांढरं दिसलं की भरायचं. खोकल्याच्या औषधासारखी खडखडून हलवू नका, फेस होतो. फिरवूनही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले तर ती बाटली बाद. काढायचा डोस जितका, तितकी हवा आधी बाटलीत सोडायची, म्हणजे इन्सुलिन सहज येतं. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर लोक घाबरतात. कातडीखाली गेलेला बुडबुडा काही करत नाही, पण त्याच्या जागेपुरतं इन्सुलिन कमी जातं, म्हणून टिचकी मारून काढायचा.

आता जरा पोट दाखवा, असं म्हटलं की लोकांना नवल वाटतं. तपासणीत हेच बऱ्याचदा राहून जातं. वर्षानुवर्षं बेंबीच्या एकाच बाजूला, बोटाच्या सवयीने एकाच ठिकाणी टोचलं की तिथली चरबी वाढून रबरासारखी गाठ होते. ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. बोटं सपाट ठेवून हळूहळू फिरवली की हाताला लागते. पेशंटला ती जागा आवडते, कारण तिथे टोचलेलं फारसं दुखत नाही. त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी लवकर जातं, कधी तासन्‌तास अडकून राहतं, आणि "कधी तीनशे, कधी साठ" हे गणित इथे सुटतं. उपाय म्हणजे गाठीत टोचणं अजिबात बंद. पण इथे एक धोका आहे. गाठीतून निम्मंशिम्मं लागत असलेलं इन्सुलिन चांगल्या जागेतून पूर्ण लागायला लागतं आणि साखर धाडकन खाली येते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. ते बहुधा डोस कमी करतात, आणि सुरुवातीचे काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी लागते.

जागा फिरवायची म्हणजे रोज मनाला येईल तिथे टोचायचं असं नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाचे चार भाग धरायचे. एक आठवडा एका भागात, आणि आजची सुई कालच्या टोचण्यापासून बोटभर लांब. मांडीची पुढची-बाहेरची बाजू चालते, पण पोटावरून इन्सुलिन लवकर लागतं आणि मांडीवरून सावकाश. म्हणून सकाळची पोटावर आणि रात्रीची मांडीवर, असं काही ठरवलं तर ते रोज तसंच ठेवा. एकच सुई आठ-आठ दिवस वापरणं हेही गाठींचं एक कारण आहे. टोक बोथट होतं, वाकतं, कातडी फाडतं. सुया महाग पडतात हे आम्हाला माहीत आहे. तरी सुई एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पेनवाल्यांसाठी थोडक्यात. दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसतो का बघा. टोचल्यावर बटण पूर्ण दाबून दहा आकडे मोजा आणि मगच सुई काढा, नाहीतर औषध कातडीवर ओघळतं. सुई पेनाला लावून ठेवू नका, हवा आत शिरते.

वेळेचं म्हणाल तर साधं इन्सुलिन आणि ३०/७० चं साधं मिश्रण जेवणाआधी अर्धा तास. नव्या जलद प्रकारांना मात्र पान समोर आल्यावरच. तुमचं कोणतं, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. घरातल्या बाईच्या बाबतीत यात एक खास आपल्याकडचा गोंधळ होतो. सुई आठला होते, मग सगळ्यांना वाढून, आवरून तिचं जेवण साडेनऊला. तोवर हातपाय थरथरायला लागलेले असतात. त्या घरात डोस बदलण्याआधी जेवणाची पंगत बदलायला हवी. उपासाच्या दिवशीही मनाने डोस बंद करू नका किंवा नेहमीचा घेऊ नका, एकादशीच्या दोन दिवस आधी विचारा. साबुदाण्याची खिचडी साखर चांगलीच चढवते, हेही लक्षात असू द्या.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. फ्रीझरमध्ये गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरायचं नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. फ्रिज नसेल तर विदर्भाच्या उन्हाळ्यात मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली. हा उपाय चांगला चालतो.

हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं तर कुणाच्या डोक्यात राहत नाही. त्या दिवशी बिल, फाईल, रिक्षा यांतच माणूस अडकलेला असतो, आणि "समजलं ना?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात. म्हणून निदान दोन दिवस आधी सुरुवात करायची आणि घरी जो सुई देणार आहे त्यालाच समोर बसवायचं. पाण्याच्या बाटलीतून त्याच्याकडून डोस भरून घ्यायचा, आणि रेघ त्याने स्वतः दाखवायची. आजोबांना रेघा दिसत नसतील तर ते चष्मा लावून करतात की नाही, हे त्याच वेळी बघायचं. नर्सिंगच्या मुलींना आम्ही सांगतो, पेशंटचा हात चुकला तर सिरिंज स्वतः घेऊन भरून देऊ नका, पुन्हा त्यालाच भरू द्या.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, घाबरंघुबरं होणं जाणवलं, तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज अर्ध्या ग्लास पाण्यात. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की जेवणाची वेळ लांब असल्यास पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. वापरलेल्या सुया घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. डबा भरत आला की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात आणून द्या, कचरा वेचणाऱ्यांच्या हातात त्या सुया जाता कामा नयेत.