तुम्ही विचारलंत म्हणून : वर्म्सच्या बिशपाचं मला एवढं काय?

बाररूममधले सहकारी मला हे नेहमी विचारतात. "तुम्ही ना ख्रिस्ती, ना जर्मन. सगळी हयात वाटपाच्या दाव्यांत गेली. मग हजार वर्षांपूर्वीच्या त्या बिशपाचं एवढं काय घेऊन बसलात?" चहा संपेपर्यंत देऊन होईल असं हे उत्तर नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

त्याचं नाव बुर्खार्ड. हेसे प्रांतातल्या सरदार घराण्यातला, कोब्लेन्झला शिकलेला, माइन्झचा आर्चबिशप विलिगिस याच्या हाताखाली तयार झालेला. इ. स. १००० मध्ये तो ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स शहराचा बिशप झाला आणि २० ऑगस्ट १०२५ रोजी वारला. त्याच्या मृत्यूनंतर लवकरच कोणीतरी त्याचं चरित्र लिहिलं. तो आला तेव्हाचं वर्म्स त्यात दिसतं: तट पडलेला, आत लांडग्यांचा आणि चोरांचा वावर, नागरिक जिवाच्या भीतीनं बाहेर राहायला गेलेले. शहरात ड्यूक ओटोची गढी होती आणि गुंडांना तिचा आसरा. बुर्खार्डनं तट उभा केला. गढीसाठी त्यानं राजा दुसरा हेन्री याच्याकडे शब्द टाकला. १००२ मध्ये राजानं ड्यूकला दुसरीकडे जागा देऊन गढी सोडवली. बिशपानं ती पाडली आणि त्याच जागी सेंट पॉलचं चर्च बांधायला घेतलं, 'शहराच्या स्वातंत्र्यासाठी' असं म्हणून. त्या ड्यूकच्या घरातला पोरका नातू कोनराड बुर्खार्डनंच सांभाळला आणि शिकवला. तोच १०२४ मध्ये जर्मनीचा राजा झाला.

हे सगळं मोठं काम आहे, पण माझं मन गुंतलं ते त्याच्या पुस्तकात.

त्या काळी चर्चचा कायदा म्हणजे पोपची पत्रं, धर्मसभांचे ठराव, संतांची वचनं, प्रायश्चित्तांच्या याद्या, सगळं विखुरलेलं आणि एकमेकांशी भांडणारं. एका यादीत एका पापाला वर्षभराचा उपास, तर दुसरीत त्याच पापाला सात वर्षं. वर्म्सचा एक वरिष्ठ धर्माधिकारी ब्रुनिखो यानं बुर्खार्डला गळ घातली. त्याला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत बुर्खार्ड सरळ सांगतो की या गोंधळामुळे पापी माणूस पाद्र्याकडे येतो आणि पाद्र्याला त्याला मदतच करता येत नाही. मग शहराबाहेर एक निवांत खोली बांधून, श्पायरचा बिशप वाल्टर आणि ओल्बेर्ट नावाचा विद्वान साधू यांना हाताशी घेऊन, त्यानं 'डेक्रेटुम' सिद्ध केलं: २० भाग, १७८५ कलमं. त्याच्या सत्तरच्या वर हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत. छापखाना यायला चार शतकं बाकी असताना हे पुस्तक किती हातांतून गेलं असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

एकोणिसावा भाग 'कोरेक्टोर' म्हणून ओळखला जातो आणि 'मेडिकुस', म्हणजे वैद्य, हेही त्याचंच नाव. गावातल्या साध्या पाद्र्यानं कन्फेशनच्या, म्हणजे पापांच्या कबुलीच्या, वेळी काय विचारायचं, याची ती प्रश्नावली आहे. गरीब-श्रीमंत, पोर-म्हातारा, निरोगी-आजारी, बाई-पुरुष, प्रत्येकाला कसा आधार द्यायचा हे शिकवण्यासाठी हा भाग आहे, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. प्रश्न थेट माणसाला घातलेले आहेत: हे केलंस का? असं मानलंस का?

एक प्रश्न मी कितीदा वाचला असेन. पाऊस नसला की काही बायका करतात ते तू केलंस का? मुली जमवायच्या, त्यांतल्या एका लहानगीला पुढारी करायचं. तिला गावाबाहेर खुरासनी ओव्याचं झुडूप असेल तिथं न्यायचं. उजव्या हाताच्या करंगळीनं तिनं ते मुळासकट उपटायचं, मग ते तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला दोऱ्यानं बांधायचं. बाकीच्या मुलींनी हातांत डहाळ्या घेऊन, झुडूप मागे फरफटत असताना, तिला नदीवर न्यायचं आणि डहाळ्यांनी तिच्यावर पाणी शिंपडायचं. परतताना मात्र तिनं खेकड्यासारखं उलट्या पावलांनी गावात यायचं. केलं असशील, किंवा त्याला संमती दिली असशील, तर वीस दिवस भाकरी-पाण्यावर राहा.

पाऊस लांबला की आपल्याकडे कडुलिंबाचा पाला बांधून, अंगावर पाणी घेत, दारोदार धोंडी मागत फिरतात. ते बघितलेल्या माणसाला ऱ्हाइनकाठच्या त्या मुली परक्या वाटत नाहीत. मला तर त्या बिशपाचं नवल वाटतं. पायाची कुठली करंगळी, हाताची कुठली, हे त्यानं टिपून ठेवलंय. त्याला हे पुसूनच टाकायचं होतं, तरी आधी त्यानं ते नीट ऐकून घेतलं. आणि शिक्षा? वीस दिवस. ना मारझोड, ना गावाबाहेर काढणं.

आता माझ्या उत्तराचा गाभा. रात्री दारं बंद असताना, नवऱ्याच्या कुशीत झोपलेली असताना, आपण बाहेर पडतो, उडत जातो, माणसं मारतो, त्यांचं काळीज काढून जागी पेंढा किंवा लाकूड भरतो, असं काही बायका मानत. लोकही मानत. बुर्खार्डचा पाद्री हे विचारतो, पण "तू असं केलंस का" असं विचारत नाही. "हे खरं असतं असं तू मानलंस का" असं विचारतो. वादळ उठवणाऱ्या मांत्रिकांबद्दलही तेच: त्यांच्यात तशी ताकद आहे, असं मानलंस का? प्रायश्चित्त त्या मानण्याला. चेटूक करणारी बाई शोधून काढा, असा हुकूम इथं नाही. अशी काही शक्तीच नाही आणि ती आहे म्हणणारा चुकतोय, ही त्याची भूमिका. त्याच्या आधी, साधारण ९०६ साली, प्र्यूमच्या रेगिनोनं तशा अर्थाचं कलम नोंदवलं होतं. ते बुर्खार्डनं उचललं. त्याच्याकडून शार्त्रचा बिशप इव्हो आणि ११४० च्या सुमारास बोलोन्याचा ग्रातियान यांच्या संग्रहांतून ते साऱ्या युरोपात पोचलं. पंधराव्या शतकात चेटकिणींचे खटले उभे राहिले तेव्हा हे जुनं कलम आडवं आलं. मग कलमातल्या त्या बायका वेगळ्या आणि आताच्या या चेटकिणी नव्या पंथाच्या, अशी पळवाट काढावी लागली.

याच भागात आणखी एक जागा आहे. आपलं मूल नाहीसं करणाऱ्या आईबद्दल तो लिहितो की ती गरीब होती आणि पोसता येत नव्हतं म्हणून तिनं ते केलं, की आपलं दुसरं पाप झाकायला केलं, यात फार फरक आहे. शिक्षा ठरवताना परिस्थिती बघावी, हे आम्ही कोर्टात रोज मांडतो. अकराव्या शतकात ते एका गावच्या पाद्र्याच्या हातात लिहून दिलेलं होतं.

त्याची बाजू मांडताना एक गोष्ट मला खुपते, तीही सांगतो. पुष्कळ कलमं त्यानं ज्या राजांच्या फर्मानांतून घेतली, त्या राजांची नावं काढून पोपांची, धर्मसभांची, संतांची घातली. त्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या प्रतीत अशी खाडाखोड दिसते. हेतू कळतो: राजाच्या नावाचं कलम कन्फेशनमध्ये कोण ऐकणार? चर्चचा कायदा राजाच्या अंगठ्याखाली नको, हेही असेल. तरी आधाराचं नाव बदलणं ही लबाडीच, आणि आज कोणा वकिलानं ती केली तर सनद जाईल. त्याच्याबद्दलचा माझा आदर हे धरूनच आहे.

शेवटच्या वर्षांत, १०२३ ते १०२५ च्या दरम्यान, त्यानं एक छोटा कायदा लिहिला. वर्म्सच्या चर्चच्या जमिनीवर बांधील असलेल्या माणसांसाठी. धर्माधिकारी, शिलेदार आणि त्या बांधील माणसांचाही सल्ला घेऊन तो केला, असं त्यातच म्हटलं आहे. कारणही दिलं आहे: गरिबांच्या सततच्या तक्रारी. जो तो त्यांच्यावर आपल्या सोयीचा नियम लादतो आणि दुबळ्यांना भरडतो. म्हणून श्रीमंताला आणि गरिबाला एकच कायदा, आधीपासून सगळ्यांना ठाऊक असलेला. "वहिवाट अशीच आहे, साहेब," हे वाक्य मी तालुक्याच्या कोर्टात आयुष्यभर ऐकलं. वहिवाट काय होती ते बहुधा ज्याचा आवाज मोठा तोच सांगतो. लिहिलेला कागद असला तरच दुसऱ्याला तोंड उघडता येतं.

वारसाचं कलम वाचताना तर मी माझ्याच फाइली उघडल्यासारखा वाचत गेलो: जमीन मुलाला, आईचे कपडे आणि चीजवस्त मुलीला, उरलेलं सारखं वाटून. मुलीच्या वाट्याचं वाचून मन खट्टू होतं, पण निदान तिचा वाटा लिहिलेला आहे.

आणि मग खुनांचं कलम. त्याचा स्वर एकदम बदलतो. एका वर्षात सेंट पीटरची, म्हणजे चर्चची, ३५ निरपराध माणसं चर्चच्याच दुसऱ्या माणसांनी मारली, असं तो लिहितो. कारण काय, तर काही नाही, दारू किंवा मग्रुरी. मारणाऱ्यांना पश्चात्ताप नाही, उलट फुशारकी. शिक्षा: फटके, केस काढणं, खास त्यासाठी बनवलेल्या तापल्या लोखंडानं दोन्ही गालांवर डाग, भरपाई आणि मेलेल्याच्या नातलगांशी समेट. स्वतःचा जीव वाचवताना हातून खून झाला असेल तर वेगळा विचार. डागण्याची शिक्षा वाचून अंगावर काटा येतो, आणि ज्यांच्यासाठी कायदा आहे ते स्वतंत्र नव्हते हेही विसरता येत नाही. पण मृत्युदंड नाही, आणि समेट झाल्यावर रक्ताला रक्त ही साखळी तिथं तुटावी अशी सोय आहे.

मुलगी जवळच्या मानहाइमला असल्यामुळे मी वर्म्सला जाऊन आलो. लोक तिथं पोपच्या सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्या मार्टिन ल्यूथरसाठी येतात, कारण १५२१ मध्ये सम्राटापुढे तो तिथंच उभा राहिला. त्याच्या चार महिने आधी, १० डिसेंबर १५२० रोजी, त्यानं विटेनबर्गला चर्चच्या कायद्याचे ग्रंथ जाळले होते. बुर्खार्डनं जमवलेली कितीतरी कलमं ग्रातियानमार्फत त्याच ग्रंथांत पोचली होती. ल्यूथरचा राग मी समजू शकतो. पण कॅथीड्रलच्या पश्चिम भागात, जिथं बुर्खार्डला पुरलं, तिथं मी बराच वेळ थांबलो. आजची इमारत बाराव्या शतकातली. त्यानं बांधलेल्या कॅथीड्रलचं समर्पण १०१८ मध्ये झालं होतं.

कुणाला वाचायचं असेल तर मोठ्या ग्रंथाच्या वाटेला आधी जाऊ नका. चर्चच्या माणसांचा तो छोटा कायदा घ्या, तीसेक कलमं आहेत, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये भाषांतर मिळतं. मग एकोणिसाव्या भागाचा पाचवा अध्याय, जिथं सगळे प्रश्न आहेत. बाररूममध्ये भेटलात तर माझ्याकडची छापील प्रत देईन, फक्त खुणा पेन्सिलनंच करा.