वजन किती भरतं?

माझ्याकडच्या जुन्या स्कॉटिश चांदीच्या वाट्या पाहिल्या की आपल्याकडचा माणूस हाच प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: फारसं नाही. लहान वाटी सात-आठ तोळे भरली तरी पुष्कळ. सराफाकडे मोडीत घातलीत तर हाती येईल ती रक्कम बघून तुम्ही मला वेड्यात काढाल. तरीही एडिंबरात लिलावात अशाच एखाद्या वाटीवर लोक मोडीच्या कितीतरी पट बोली लावतात.

या वाटीला क्वेख म्हणतात. उथळ, पसरट, दोन बाजूंना दोन चपटे कान. त्यातून व्हिस्की किंवा ब्रँडी प्यायची, आपला घोट झाला की पुढच्याच्या हातात द्यायची. (उष्ट्याचा हा प्रकार माझ्या आईला अजून पटलेला नाही.) दोन्ही हात कानांवर असले की कुणाचा हात खंजिराकडे जात नाही, अशी एक गोष्ट दुकानदार रंगवून सांगतात. ती ऐकायची आणि सोडून द्यायची.

मुळात क्वेख लाकडी. पिंपाला जोडतात तशा पट्ट्या, कधी एक फिकी एक गडद, बाहेरून लवचीक फांद्यांच्या कड्यांनी आवळलेल्या. १७व्या शतकात तो चांदीत घडू लागला, तेव्हा कारागिरांनी चांदीवर त्या पट्ट्यांच्या उभ्या रेषा कोरल्या, आवळलेल्या कड्याही कोरल्या. चांदीला ना पट्टी लागते ना कडं, पण गिऱ्हाइकाला आपली वाटी ओळखू यायला हवी होती. काही वाट्यांत पट्ट्यांच्या मधल्या जागेत ट्यूलिप आणि गुलाब फुललेले दिसतात. माझा जीव अडकतो तो इथे.

आणि कानांवर. बऱ्याच क्वेखच्या एका कानावर नवऱ्याची आद्याक्षरं असतात, दुसऱ्यावर बायकोची, आणि तिच्या अक्षरांत आडनाव माहेरचं असतं. स्कॉटलंडात लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव कागदोपत्री टिकायचं. आपल्या घरच्या पातेल्यांवर मात्र 'सौ.' नंतर सासरचं आडनाव मशीनने टोचलेलं असायचं, हे मला दर वेळी आठवतं.

आता ठसे, म्हणजे चांदी तपासल्याच्या खुणा. एडिंबरात तपासलेल्या चांदीवर तीन बुरुजांचा किल्ला असतो. १६८१पासून वर्षाचं अक्षर (दर वर्षाला वेगळं) आलं, १७५९पासून काटेरी थिसलचं फूल. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचं, पुढे राणीचं डोकं उठवत. म्हणजे किल्ला आणि थिसल आहे पण डोकं नाही, तर वाटी एकतर १७८४च्या आधीची, नाहीतर १८९०नंतरची. मग वर्षाचं अक्षर कोणत्या वळणाचं आहे ते बघायचं. ग्लासगोच्या ठशात झाड, पक्षी, घंटा आणि मासा. इनव्हर्नेसच्या काही वाट्यांवर चक्क उंट! त्या गावाच्या मानचिन्हातच एका बाजूला उंट आणि दुसऱ्या बाजूला हत्ती उभा आहे. लहान गावांतल्या कारागिरांनी कित्येकदा नुसती स्वतःची आद्याक्षरं ठोकली, आणि अशा वाट्यांवर संग्राहकांच्या उड्या पडतात.

वाटी हातात आली की मी तिच्यावर तोंडाची वाफ सोडते. धूसर झालेल्या चांदीवर क्षणभर डागाची, म्हणजे जोडकामाची, कड उमटते, खोडून टाकलेलं जुनं नाव दिसतं. मग कान जिथे जोडलाय तिथे नख फिरवायचं. तिथे करडा, मऊ राप लागला तर कुणीतरी शिशाचा डाग दिलाय, खाली ठेवा.

भाव सर्वांत जास्त पाडते ती घासाघीस. पिढ्यान्‌पिढ्या पॉलिश करून ठसा सपाट झाला की वर्ष गेलं, कारागीर गेला, उरली फक्त चांदी. म्हणून टूथपेस्ट, रांगोळी, चिंच यांतलं काहीही नको. मऊ फडकं पुरे.

आणि "गुंतवणूक म्हणून घेऊ का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. नका घेऊ. लिलावघर बोलीवर वीस-पंचवीस टक्के किंवा त्याहूनही जास्त कमिशन लावतं, विकताना पुन्हा वेगळं. तेवढ्यात चांदीची वीट घ्या. पण लग्नात भेट द्यायला क्वेख हवा असेल तर नव्याने घडवलेले, ठसा असलेले सहज मिळतात. त्यांचं वजन विचारलंत तरी चालेल.