कर्ट फ्लडने हरलेला खटला

जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमधली वर्णबंदी मोडली, हे आपल्याकडेही अनेकांना ठाऊक असते. कर्ट फ्लडचे नाव मात्र मला सेंट लुईसमध्ये राहायला आल्यावरच कळले.

फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा अव्वल क्षेत्ररक्षक होता. १९६९च्या ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. त्या काळी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क मालकाकडेच राहत असे. जायचे नसेल, तर खेळ सोडणे एवढाच मार्ग उरे. आपण मर्जीविरुद्ध खरेदी-विक्री करण्याची मालमत्ता नाही, असे फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना लिहून कळवले आणि मग न्यायालयात धाव घेतली. त्याचे वार्षिक मानधन सुमारे ९०,००० डॉलर होते, म्हणून अनेकांना ही तक्रारच अवाजवी वाटली. पण ज्या शहरातल्या जुन्या न्यायालयात ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वतःच्या मुक्ततेसाठी दावा लढवला होता, त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय खेळाडूला मानधनापेक्षा मालकीचा प्रश्न मोठा वाटला, यात मला काहीच नवल वाटत नाही. रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू मात्र साक्षीला उभा राहिला नाही.

१९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून त्याला मक्तेदारीविरोधी कायदे लागू होत नाहीत, असे याच न्यायालयाने १९२२ साली ठरवले होते. मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल यांना ती सवलत नाकारली गेली असल्याने हा निर्णय विसंगत आहे, हे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्रात स्पष्ट मान्य केले, आणि तरीही दुरुस्तीचे काम काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, सोपवून निर्णय कायम ठेवला. चूक कळूनही ती तशीच राहू देणारा हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. शाळांमधील वर्णभेदाविरुद्धचा ब्राउन खटला ज्यांनी वकील म्हणून लढवला होता, त्या न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी या निकालाशी असहमती नोंदवली.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९७५मध्ये, लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या प्रकरणात खेळाडूंना या बंधनातून मोकळे केले. फ्लडची कारकीर्द तोवर संपलेली होती. तो जानेवारी १९९७मध्ये वारला. काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा केला तो १९९८ साली.