पॅकेजात नसलेला माळढोक

आम्ही सोलापूरचे. नान्नजचं माळढोक अभयारण्य घरापासून तासाभराच्या आत, पण इतक्या फेऱ्या मारूनही मला माळढोक कधी दिसला नव्हता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ह्यांनी जैसलमेरचं पंचतारांकित हॉटेल ठरवलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "पक्षी दाखवणार का?" पॅकेजात 'नेचर सफारी' लिहिलेलं होतं.

हॉटेल मात्र राजेशाही. पिवळ्या दगडाच्या कोरीव जाळ्या, खोलीला लागून स्वतःचा तरणतलाव (डिसेंबरात त्यात पाय बुडवला आणि लगेच काढला), रात्री अंगणात मांगणियार गायक आणि कमायचा या तंतुवाद्याचा तो खर्जातला सूर. तक्रारीला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशीची नेचर सफारी म्हणजे सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर जीप उड्या मारते, उंटावर बसवतात आणि सूर्यास्ताला चहा-भजी. चिमणीसुद्धा दिसली नाही. परतल्यावर काउंटरवर डेझर्ट नॅशनल पार्कचं विचारलं, तर तो पोरगा हसून म्हणाला, "मॅडम, उधर तो सिर्फ घास है."

अहो, तेच तर हवं होतं! ३,१६२ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात वाळूच्या टेकड्यांचा भाग थोडाच. बाकी सगळा खडकाळ माळ आणि सेवण गवत, आणि माळढोक राहतो तो तिथेच.

शेवटी मार्ग निघाला तो हॉटेलच्याच एका वयस्क ड्रायव्हरमुळे. त्यांचं गाव त्याच बाजूला. "बाईसा, गोडावण देखना है तो अंधेरे में निकलना पड़ेगा," म्हणाले. गोडावण म्हणजे आपला माळढोकच. दुपारी ह्यांनी वनखात्याच्या कार्यालयात ओळखपत्रांच्या झेरॉक्स देऊन परवाना काढला, मी हॉटेलकडून पराठे बांधून घेतले. पहाटे निघालो तेव्हा दात वाजत होते.

उद्यानातल्या सुदासरीकडे जाताना दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. माळढोकाची नजर बाजूंना चांगली, समोरची अपुरी. त्यात नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. तार दिसली तरी वळायला वेळ मिळत नाही. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेल्या एका पक्ष्याची भरपाई व्हायला वर्षं लागतात. ड्रायव्हरकाकांनी तारांवर लावलेल्या चकत्या दाखवल्या. पक्ष्यांना दुरून दिसाव्यात म्हणून.

वाटेत खेजडी दिसली. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिला हात जोडतो, ती इथे शेळ्यांचा चारा, आणि तिच्या शेंगांची भाजी म्हणजे सांगरी. आदल्या रात्री हॉटेलात चांदीच्या वाटीत केर-सांगरी खाल्ली होती, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

चिंकारा दिसले, एक कोल्हा दिसला, मग तासभर काहीच नाही. हे गाडीत घोरायला लागले. आणि मग काकांनी नुसतं बोट केलं.

गवतात एक पांढरी मान. डोक्यावर काळी टोपी. शेजारी दुसरी, थोडी मागे तिसरी. मधेच खाली वाकून टोच मारायची, पुन्हा ताठ. घाई कशाची नाही. दुर्बीण माझ्या हातात हलत होती, म्हणून ती ह्यांच्या खांद्यावर टेकवली. हे जागे झाले, पण हलले नाहीत. पंचवीस वर्षांत एवढं ऐकलेलं हे पहिलंच.

हॉटेलवर पोचेपर्यंत नाश्ता आवरला होता. मी संगमरवरी पायरीवर बसून सोलापूरला भावाला फोन लावला.

"किती दिसले?"

"तीन."

"तायडे, थापा मारू नकोस."