राजापूरचं स्वयंपाकघर, नोंद चौथी: सिमेंट उतरलं, चुना चढला

मागची नोंद दिवाळीत लिहिली, तेव्हा माझ्याकडे एक वही, एक टेप आणि उभ्या ओट्याला काकूचा ठाम नकार एवढंच होतं. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि हे मी नव्या ओट्याला टेकून लिहितोय. दोन चुका सोडल्या तर काम बरं झालंय. त्या चुकाही सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. कोकणात राजापूर तालुक्यातलं आमच्या आजोबांचं घर, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. त्याचं स्वयंपाकघर, १४ फूट बाय ९, आम्ही नव्याने करतोय. वर्षातले अकरा महिने तिथे काकू एकटी असते, वय ७१. मे महिन्यात मात्र चौदा माणसं, त्यात शाळकरी आणि शाळेतही न जाणारी मिळून पाच मुलं. बजेट ₹६०,०००, आणि तेही भावंडांच्या वर्गणीतून. म्हणजे खिळ्याचाही हिशेब द्यायचा.

भिंत

डिसेंबरचे तीन शनिवार-रविवार फक्त तोडफोडीत गेले. नव्वदच्या दशकात केव्हातरी बाबांनी आणि काकांनी हौसेनं आतून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं आणि खाली चार फुटांपर्यंत पिस्त्याच्या रंगाचा ऑइलपेंट मारला. धुवायला सोपं म्हणून. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्या पिस्ता पट्ट्याच्या बरोबर वर ओल दिसायची, आणि दिवाळीत आम्ही त्यावर पुन्हा डिस्टेंपर फासायचो. जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतलं पाणी तो दिव्याच्या वातीसारखं वर ओढतो. पूर्वी ते पाणी चुन्यातून हळूहळू उडून जायचं. सिमेंट आणि ऑइलपेंटने त्याची वाट बंद केली, मग ते चढत गेलं आणि पट्टा संपला तिथे बाहेर आलं. इतकी वर्षं आम्ही दोष पावसाला देत होतो.

गवंडीदादांनी प्लास्टरवर हातोडीच्या दांड्याने दोनदा ठोकलं, पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "भाऊ, हे शिमिट काढल्याबिगर भित सुकायची नाय." सुकायला किती दिवस, विचारलं तर त्यांनी बोटं मोजली नाहीत, आकाशाकडे पाहिलं.

छन्नी-हातोडीचं काम मी आणि चुलतभावाने केलं. मजुरी शून्य, पाठदुखी वेगळी. सोपं तंत्र असं: पोकळ वाजतं तिथून सुरुवात करायची आणि छन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरायची. सरळ धरली की चिऱ्याची कड उडते. पहिल्या दिवशी आम्ही तीन चिऱ्यांच्या कडा घालवल्या. प्लास्टरचा पहिला मोठा पापुद्रा पडला तेव्हा आतला चिरा उकडलेल्या बिटासारखा काळपट लाल होता, आणि हात लावला तर गार, ओला. डिसेंबरात! पाऊस थांबून दोन महिने झालेले. खिडक्या उघड्या टाकून आम्ही पुण्याला परतलो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलो तर वरचा अर्धा भाग विटकरी झाला होता, खालचा दीड फूट अजून गडद. त्या दीड फुटासाठी आणखी पंधरा दिवस थांबलो. घाई झाली होती, मेहुण्याने "वॉटरप्रूफिंग मारून टाक" असा सल्लाही दिला, पण ओल्या भिंतीवर झाकण घालायची चूक या घराने एकदा केलेली आहे.

दरम्यान चुना विरत होता. परसातल्या जुन्या टाकीत पाणी भरून त्यात कळीचा चुना थोडा थोडा सोडला. हा क्रम पाळाच: पाण्यात चुना, चुन्यावर पाणी नाही. खळखळून उकळी फुटते आणि शिंतोडे डोळ्यात गेले तर कायमची इजा होऊ शकते. चष्मा, हातमोजे, आणि पोरांना त्या दिवशी शेजाऱ्यांकडे धाडायचं. महिनाभर पाण्याखाली ठेवल्यावर त्याचं लोण्यासारखं मऊ लगदं झालं. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. गवंडीदादांनी गुळाचं पाणीही घातलं, त्यांचे वडील घालायचे म्हणून. मी हरकत घेतली नाही, पण वासाने आलेल्या मुंग्या दोन दिवस हटेनात.

चुन्याचं प्लास्टर सिमेंटसारखं दुसऱ्या दिवशी टणक होत नाही. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतं, आणि तोवर ते भराभर वाळता कामा नये. काकूने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी शिंपडलं, अंगणात सडा घालावा तसं. तिला हे काम आवडलं असावं, कारण रोज फोनवर भिंतीची खुशाली कळायची.

ओटा, आणि फुटलेली लादी

काकूचा नकार ओट्यालाच होता. "मला बसून करायची सवय आहे. उभ्याने कसला रे स्वयंपाक, हॉटेलवाल्यासारखा?" पण गुडघे आता खाली बसू देत नाहीत, आणि बसली तर उठू देत नाहीत. सुताराने नेहमीच्या सवयीने ३४ इंच म्हणून खूण केली. मी काकूला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि मापलं: जमिनीपासून ३५ इंच. कोपराच्या तीन-चार इंच खाली ओटा असला की पोळी लाटताना खांदे वर चढत नाहीत, म्हणून ३१ वर ठरवलं. माझ्या बायकोला तो बुटका वाटतो. ती वर्षातून पंधरा दिवस येते. काकूचा ३१.

पाय जुन्या चिऱ्यांचे, गोठा पाडला तेव्हाचे रचून ठेवलेले. वर कडप्पा. इथे पहिली चूक. स्वस्त मिळाली म्हणून एका वखारीतून साडेसहा फुटांची एकसंध लादी उचलली, पॉलिशवर भाळलो आणि पालथी करून पाहिली नाही. खालच्या बाजूने बारीक तडा होता. सिंकसाठी खाच कापताना ती तिथूनच दुभंगली. कडप्पा घेताना दोन माणसांनी उभी धरून लोखंडाने टकटक करा. चांगली लादी खणखणते, तडा असेल तर आवाज बसका येतो. आम्हाला हे दुसरी लादी आणताना कळलं.

पण त्या फुटीतून या घरातली सगळ्यात उपयोगी जागा निघाली. अडीच फुटांचा तुकडा चुलीशेजारी, १६ इंच उंचीवर बसवला. बसका ओटा. काकू आता छोट्या स्टुलावर बसून तिथेच नारळ खवते, भाजी चिरते. मागच्या रविवारी माझ्या चार वर्षांच्या मुलीने तिथे कणकेचा उंदीर केला आणि सात वर्षांच्या मुलाने तो भाजायचा हट्ट धरला. विळी मात्र घडीची आणली. काम झालं की मिटून पाच फुटांवरच्या खिळ्याला. हा नियम काकूला मी नाही, काकूने मला घालून दिलाय.

दुसरी चूक सामान्यज्ञानाची. कडप्पा हा चुनखडीचाच भाऊबंद, त्याला आंबट चालत नाही. पहिल्याच दिवशी कोकमाच्या आगळाची बाटली गळली आणि रात्रभर तशीच राहिली. सकाळी काळ्याभोर दगडावर बाटलीच्या बुडाएवढं राखाडी वर्तुळ. पॉलिश खाल्लेलं, पुसून जाणारं नाही. मी हळहळलो. काकू म्हणाली, "बरं झालं, आता आगळाची जागा ठरली." बाटली तेव्हापासून त्या वर्तुळातच असते, पण आता खाली ताटली.

गॅस, प्लग, उजेड

गॅसचं थोडं सविस्तर, कारण ओट्याखालची बंद कपाटं मला बऱ्याच नूतनीकरणांत दिसतात. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खिडकीतून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला दार नाही, आणि मागच्या भिंतीत जमिनीला लागून सहा इंच बाय सहा इंचांचं भोक पाडलंय. त्याला बारीक छिद्रांची, जाड तारेची जाळी, कारण बाहेर परसू आहे आणि परसात सगळेच राहतात. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात धामण निघाली होती.

ओट्याखाली प्लायवूड लावलंच नाही. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, प्लाय दोन वर्षांत फुगतो. काकूच्या दोन जुन्या इरकली लुगड्यांचे पडदे केले, स्प्रिंगच्या तारेवर. हवा खेळते, धुता येतात, आणि खर्च फक्त तारेचा. सिलिंडरचा कप्पा मात्र उघडाच, कापड शेगडीपासून लांब.

वायरिंगसाठी चिऱ्यात खाचा मारल्या नाहीत, वरून केसिंग (तारा झाकणारी पट्टी) नेलं. दिसायला साधं आहे, पण भिंत पुन्हा फोडायची माझ्यात ताकद नव्हती. मुलांचे ओले हात लक्षात घेऊन ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. एकूण वीजकामाला ₹९,६०० लागले, या सगळ्या कामातली मोठी रक्कम, आणि त्यात मी घासाघीस केली नाही.

उजेड मात्र स्वस्तात मिळाला. ओट्यावरची तीन कौलं काढून काचेची घातली, ₹१,०५०. तुम्ही करणार असाल तर जुनं कौल बरोबर घेऊन दुकानात जा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. काढलेल्या कौलांवर बासेल मिशन, मंगळूरचा छाप निघाला, खाली १८६५. चुलतभाऊ घर दीडशे वर्षांचं झालं म्हणून नाचायला लागला. ते साल कारखाना सुरू झाल्याचं, कौल भाजल्याचं नव्हे. घर आजोबांनी बांधलं, आणि आजोबांचा जन्मच पुढच्या शतकातला. पण भावाने फॅमिली ग्रुपवर आधीच टाकलं होतं, आणि मामेबहिणीने "हेरिटेज" लिहून बदामही पाठवला होता.

सजावट म्हणावी तर

यासाठी विकत काही आणलं नाही. माळ्यावर पोत्यात बांधलेली पितळेची तपेली, डबे आणि एक मोठा गंज होता. कल्हईवाला आता फिरत येत नाही, त्याला बाजाराच्या दिवशी गाठावं लागलं. भांडं तापवून आत नवसागर फिरवला, कथील टेकवलं आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरक्यात आतून चांदी केली. मुलं तोंड उघडं टाकून बघत होती. ₹१,८०० झाले. फडताळाचं फणसाचं जुनं दार चिरून दोन फळ्या केल्या, त्यावर ही भांडी. फळ्यांना मागून काजूच्या टरफलाचं तेल दिलं, वाळवीसाठी. हातमोज्याला भोक होतं, करंगळीवर फोड आला, अजून कातडी सोलतेय. हे तेल पोरं जवळ असताना उघडू नका.

चूल तिथेच आहे. काकूचं म्हणणं, गॅस आल्यापासून धूर बंद झाला आणि वाशांना भुंगा लागला. म्हणून आठवड्यातून दोनदा ती भात चुलीवर करते. सिंकचं पाणी पूर्वीच्या मोरीच्याच वाटेने अळवात आणि पुढे माडाच्या बुंध्याशी जातं. तिथे काहीच बदललं नाही.

आजवरचा खर्च ₹४७,०५०. बायको म्हणते पुणे-राजापूर अणुस्कुरा घाटामार्गे सात फेऱ्यांचं पेट्रोल यात धर. मी धरलेलं नाही.

उरलंय ते असं: जमिनीच्या लाल कोब्याला दोन ठिकाणी ठिगळ (रंग जुळत नाहीये, तिसरा नमुना वाळतोय), खिडकीला डासांची जाळी, आणि मांडणी. शेवटच्या कामाला मी हात लावणार नाही. काल मसाल्याचा डबा मी शेगडीच्या उजवीकडे फळीवर नीट मांडून ठेवला होता. आज सकाळी तो डावीकडे, बसक्या ओट्याच्या टोकाला होता. काकू डावखुरी आहे. चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवतोय, आणि टेप घेऊन चार महिने तिच्या मागे फिरलो, तरी माझ्या वहीत ते कुठेच नव्हतं. आता सिंकशेजारचा प्लग उलट्या बाजूला न्यावा लागणार. वायरमन सोमवारी येतोय.