ब्यूनस आयर्समधलं स्पेन: सोमवारी जाऊ नका, रेतिरोहून चालू नका

पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, शीर्षक तेवढं लक्षात ठेवा. मी दोन्ही गोष्टी केल्या.

अर्जेंटिनात इटालियनांच्या खालोखाल आले ते स्पॅनिश लोक, 1857 ते 1930 या काळात सुमारे 20 लाख. बोटीतून उतरलेल्यांना सरकार बंदरालगतच्या 'ओतेल दे इनमिग्रान्तेस'मध्ये फुकट ठेवून घ्यायचं. सध्याची इमारत 1911 ते 1953 चालू होती, आता तिथे संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं हे मला दारात पोचल्यावर कळलं. परतताना टॅक्सीवाल्याचा मीटर नेमका 'बिघडला' होता, आणि जेमतेम दीड किलोमीटरला त्याने जे घेतलं त्यात मी आदल्या दिवशी विमानतळाहून शहरात आलो होतो. त्या रागाने मंगळवारी पुन्हा चालतच गेलो. राग हे चालायचं कारण होऊ शकत नाही.

जानेवारी, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. रेतिरो स्टेशनबाहेर आधी फूटपाथ आहे, मग अर्धा आहे, मग नाही. एका बाजूला बंदराचं कुंपण, दुसऱ्या बाजूला कंटेनरचे ट्रक, आणि ते वळताना मागचं चाक सरळ कडेच्या दगडावर चढवतात. वाटेत सावली मिळाली ती उभ्या ट्रकचीच. सह्याद्रीत मे महिन्यात हिंडलोय मी, पण तिथे निदान मागून कोणी हॉर्न मारत नाही. टॅक्सी ॲपवरून मागवा, भाडं आधी बघा आणि बसा.

गेटवर शिपायाने पासपोर्ट बघून उजवीकडे बोट दाखवलं. रांग होती, मीही लागलो. पंचवीस मिनिटांनी लक्षात आलं की सगळ्यांच्या हातात कागदांच्या फाइली आहेत आणि काहींच्या कडेवर पोरं. देशाचं इमिग्रेशन ऑफिस आजही त्याच आवारात आहे! पुढच्या पराग्वेच्या बाईंना मोबाइलवर संग्रहालयाचा फोटो दाखवला, तेव्हा त्या हसल्या आणि मागच्या इमारतीकडे हात केला.

आत गेल्यावर मात्र सगळं वसूल. 1876 च्या कायद्याने आलेल्याला पाच दिवस राहणं-जेवण फुकट होतं. एकेका दालनात 250 माणसं झोपायची, पुरुष वेगळे, बायका-मुलं वेगळी. पलंगाला गादी नाही, नुसतं ताणलेलं चामडं. गादीत रोग आणि ढेकूण राहतात, चामडं पुसता येतं. स्पेनच्या वायव्य टोकाच्या गालिसियातून आठवडेच्या आठवडे बोटीत काढून आलेला माणूस यावर पाठ टेकत असेल. दोन तास ठेवा, तासाभरात उरकू नका.

आवेनिदा दे मायो हा 1894 साली खुला झालेला रस्ता स्पॅनिशांचा. मी 'मायो' म्हणालो तर फळवाल्याला कळेना. तिकडे 'माशो' म्हणतात, आणि 'गायेगो'चा 'गाशेगो'. खरा गाशेगो म्हणजे गालिसियाचा, पण आपल्याकडे जसा विंध्याच्या खालचा सगळा माणूस 'मद्रासी', तसा तिथे कुठलाही स्पॅनिश गाशेगो. साल्ता रस्त्याच्या कोपऱ्यावर इबेरिया कॅफे रिपब्लिकनांचा, म्हणजे स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारच्या बाजूच्यांचा होता, तर समोरचा त्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोवाल्यांचा. स्पेनमधलं यादवी युद्ध इथे रस्त्याच्या दोन बाजूंनी लढलं गेलं, प्रसंगी खुर्च्यांनी. स्पॅनिश कवी-नाटककार लोर्का 1933 साली आला तेव्हा याच रस्त्यावरच्या कास्तेलार हॉटेलात राहिला होता. चालायला सोपा, सावलीचा रस्ता. छान गेला दिवस, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते जेवणाचं. आडगल्लीत भिंतीवर बैलाचं पोस्टर लावलेलं एक 'अस्सल स्पॅनिश' ठिकाण होतं. पाएया, म्हणजे स्पॅनिश पद्धतीचा भात, मागवली. बिल मेनूतल्या भावाच्या दुप्पट! भाव माणशी होता आणि करतात कमीत कमी दोघांची, हे तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. वर 'कुबिएर्तो', म्हणजे काटा-चमचा आणि पावाच्या टोपलीचे माणशी पैसे. हा तिथला रिवाज आहे, त्यावर भांडू नका. टीप त्याहून वेगळी, साधारण दहा टक्के. आकडे देत नाही, पेसोचे आकडे लगेच शिळे होतात. दोघांची पाएया मी हट्टाने एकट्याने संपवली आणि रात्रभर भोगली.

दुसऱ्या दिवशी त्याच पोटाने शहराच्या पालेर्मो भागातलं स्पॅनिशांचं स्मारक बघितलं. पायाभरणी 1910 ची, उद्घाटन 1927 चं. पहिला शिल्पकार पायाभरणीच्या आधीच, 1909 मध्ये गेला, त्याच्या जागी आलेलाही मधल्या काळात गेला, आणि स्पेनहून येणारे ब्राँझचे पुतळे 1916 मध्ये 'प्रिन्सिपे दे आस्तुरियास' बोटीबरोबर ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाले. गोष्ट स्मारकापेक्षा भारी. ते भर चौकात आहे, पलीकडूनच बघा.

जेवायचं तर आपल्या महाराष्ट्र मंडळांसारखी तिथे स्पेनच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांची, बास्क, कातालान, गालिसियन मंडळं आहेत, त्यांची भोजनगृहं शोधा. बटाट्याची तोर्तिया (ही पोळी नव्हे, अंड्यात थापलेला बटाटा) मागवा. मी एका ठिकाणी साडेसातला गेलो, तर खुर्च्या टेबलांवर पालथ्या आणि कोपऱ्यात चार आजोबा पत्ते कुटत बसलेले. त्यांनी बसायला खुर्ची सरळ करून दिली. जेवण मात्र नऊला.